जुन्या किचनच्या दारांना सॉफ्ट-क्लोज: आधी स्क्रू, मग स्प्रिंग, डॅम्पर शेवटी

प्रश्न विलेपार्ल्याहून आला आहे. २००७ साली बसवलेलं ट्रॉल्यांचं किचन, ओट्याखाली आणि वर मिळून १४ दारं, सगळी ऑटो हिंजवर, म्हणजे आत स्प्रिंग असलेल्या, दार स्वतः ओढून बंद करणाऱ्या बिजागरीवर. दारं आपटतात. घरात ८२ वर्षांच्या आई आहेत. दुपारी त्यांचा जरा डोळा लागतो आणि तेवढ्यात कुणी चहा-साखरेचा डबा काढला की दाराच्या आवाजाने त्या दचकून उठतात. म्हणून दार हळू टेकवणारे, चिकटवायचे दहा डॅम्पर ऑनलाइन मागवले आणि दहा दारांना एकेक, मुठीच्या बाजूला, खणाच्या आतल्या कोपऱ्यात लावले. सहा पंधरा दिवसांत गळून पडले. टिकलेल्या चारांपैकी दोन दारांचं उलटंच झालं, ती आता पूर्ण बंद होत नाहीत, बोटभर उघडी राहतात. दारं न बदलता हे नीट होईल का, आणि डॅम्पर कोणता घ्यायचा, असं विचारलं आहे.

दारं न बदलता काम होईल. मी २६ वर्षं मुंबईत किचन बसवतो आणि दुरुस्त करतो. या कामात मी सगळ्यात जास्त वेळा पाहिलेली गोष्ट म्हणजे लोक आधी डॅम्पर विकत घेतात आणि मग दाराकडे बघतात. क्रम उलटा हवा. आधी स्क्रू, मग स्प्रिंग, आणि डॅम्पर शेवटी. असं का, ते डॅम्पर हातात घेतला की कळतं.

गळून पडलेल्या सहांपैकी एक घ्या. पेनाएवढ्या नळीतून बाहेर आलेली दांडी टेबलावर टेकवा आणि झटकन दाबा. अडेल. आता सावकाश दाबा, निमूट आत जाईल. आत दाट तेल असतं आणि दट्ट्याला बारीक वाट ठेवलेली असते. सिरिंजमधलं औषध घाईने ढकललं की अंगठा अडतो आणि सावकाश ढकललं की जातं, तोच प्रकार. दार जितक्या वेगाने येईल तितका डॅम्परचा विरोध जास्त, आणि वेग संपला की विरोधही संपला.

म्हणजे डॅम्पर हा नुसता ब्रेक आहे. दार ओढून घ्यायचं काम त्याचं नाही, ते बिजागरीतल्या स्प्रिंगचं. आणि दार सरळ धरायचं काम स्क्रूंचं. स्प्रिंग थकलेली असेल तर ब्रेक लावून गाडी रस्त्यातच थांबते, तसं दार बोटभर उघडं राहतं. स्क्रू सैल असतील तर दार वाकडं येतं, एक कोपरा आधी टेकतो, आणि डॅम्पर कितीही भारी असला तरी तो कोपरा आवाज करतोच.

आता तुमच्या दोन्ही तक्रारी बघू, कारण त्यांचं मूळ बऱ्याच अंशी एकच आहे: डॅम्परची जागा. चिकटवायच्या डॅम्परच्या पाकिटावर बहुतेक वेळा मुठीच्या बाजूचा कोपरा दाखवलेला असतो. दार ४५० मि.मी. रुंद आहे आणि दांडी साधारण १० मि.मी. बाहेर आहे असं धरा. मुठीच्या बाजूला लावलेला डॅम्पर दार बंद व्हायला १० मि.मी. उरलेले असताना जागा होतो. तोवर दार पूर्ण वेगात आलेलं असतं. एवढ्याशा अंतरात त्याला थांबवायचं म्हणजे प्रत्येक वेळी डॅम्परच्या बुडावर एक ठोसा, आणि तो ठोसा खाणार कोण, तर दुहेरी टेप. त्यात आपल्या स्वयंपाकघरात फोडणीच्या वाफेचा पातळ, चिकट थर सगळीकडे असतो. डोळ्यांना दिसत नाही, पण टेपला तो बरोबर कळतो. म्हणून सहा पडले.

उघड्या राहणाऱ्या दारांचंही तसंच. डॅम्परच्या दांडीला बाहेर ढकलणारी छोटी स्प्रिंग आत असते, नाहीतर दार उघडल्यावर दांडी परत आलीच नसती. ही स्प्रिंग नाजूक असते, पण मुठीच्या टोकाला बसवली की तिला दाराच्या सगळ्या रुंदीची तरफ मिळते. बिजागरीची स्प्रिंग त्याच दाराला अगदी बिजागरीपाशी ओढत असते. तिचा जोर दीड तपानंतर थोडा जरी उतरला असेल, तरी मुठीकडची छोटी स्प्रिंग जिंकते.

हाच डॅम्पर बिजागरीच्या बाजूपासून १०० मि.मी. वर, म्हणजे सुमारे चार इंचांवर लावला, तर दाराची मूठ अजून ४५ मि.मी. लांब असतानाच ब्रेक लागायला सुरुवात होते. थांबायला चौपटीहून जास्त अंतर मिळतं, ठोसा जात नाही, आणि परतीच्या स्प्रिंगची तरफही तेवढीच कमी होते. बदल्यात ब्रेक सौम्य होतो. जड दाराला मग एक डॅम्पर पुरत नाही, वर एक आणि खाली एक असे दोन लावावे लागतात. आणखी जवळ, अगदी बिजागरीला खेटून लावू नका. ऑटो हिंजवरचं दार खिळ्याभोवती फिरावं तसं सरळ फिरत नाही, फिरता फिरता थोडं बाजूलाही सरकतं. बिजागरीजवळ हे सरकणं जास्त असतं, तिथे दांडीचं टोक सनमायकावर घासत राहतं आणि वर्षभरात पांढरी रेघ पडते.

पण ही जागेची गोष्ट नंतरची. आधी दारं तपासा. पेचकसही लागत नाही, एक दुपार पुरे.

दार चार बोटं उघडं धरा आणि अलगद सोडा, ढकलू नका. स्वतःहून ओढून बंद झालं तर स्प्रिंग जिवंत आहे. तिथेच थांबलं किंवा रेंगाळत गेलं तर ती थकली आहे, आणि त्या दाराला कुठलाही बाहेरचा डॅम्पर लावू नका. मग दार अर्धं उघडा, मुठीकडचा खालचा कोपरा धरून हळूच वर उचला आणि सोडा. दार वरखाली हललं तर स्क्रू सैल आहेत. बोटाने आर्म (बिजागरीची खणाकडे जाणारी लांब पट्टी) आणि प्लेट (आर्म जिच्यावर बसतो ती, खणाला स्क्रूने लावलेली) चाचपा, कुठे हलतंय ते लगेच कळेल. शेवटी वर्तमानपत्राच्या कागदाची पट्टी दार बंद करताना वरच्या कोपऱ्यात धरा, मग खालच्या. एका ठिकाणी घट्ट आणि दुसऱ्या ठिकाणी सहज सुटत असेल तर दार पिळलेलं आहे किंवा बिजागऱ्यांची खोली सारखी नाही. प्रत्येक दारावर पेन्सिलीने खूण करा.

त्या वेळचं किचन असेल तर माझा अंदाज असा, की सिंकखालची आणि सिंकशेजारची दारं स्क्रूच्या चाचणीत नापास होतील. मुंबईच्या चार महिन्यांच्या पावसात हवेतलं पाणी पार्टिकल बोर्डात शिरतं, सिंकचा पाइप कधीतरी ठिबकलेला असतो, आणि बोर्डाचा भुसा मऊ होऊन स्क्रूची पकड जाते. मग घरातलं कुणीतरी स्क्रू पिळून घट्ट करतं. दोन महिन्यांनी पुन्हा. प्रत्येक पिळण्याला भोक मोठं होतं. काडेपेटीच्या काड्या फेविकॉल लावून भोकात कोंबायचा घरगुती उपाय हलक्या दाराला चालतो. रोज वीस वेळा उघडणाऱ्या दाराला चालत नाही.

पक्का उपाय डॉवेलचा, म्हणजे गोल लाकडी खुंटीचा. खराब भोक ८ मि.मी. च्या बिटने साफ करा, पण १८ मि.मी. च्या पाटात, म्हणजे खणाच्या फळीत, १३-१४ मि.मी. पेक्षा खोल जाऊ नका. बिटला त्या मापावर रंगीत टेप गुंडाळा, म्हणजे हात आपोआप थांबतो. ८ मि.मी. ची लाकडी डॉवेल फेविकॉल लावून ठोका, रात्रभर सुकू द्या, पृष्ठभागाच्या पातळीत कापा. दुसऱ्या दिवशी मधोमध अडीच मि.मी. चं भोक पाडून मग स्क्रू. हा स्क्रू आता लाकडात बसतो, भुशात नाही. बोर्ड फुगून पापडासारखा झाला असेल तर डॉवेललाही धरायला काही उरत नाही. अशा वेळी बिजागरी दुरुस्तीची स्टीलची पातळ पट्टी मिळते, ती लावा. ती जुन्या भोकांच्या बऱ्याच बाहेर, चांगल्या बोर्डात स्क्रू घेते आणि प्लेट त्या पट्टीवर बसते. तिथेही चांगला बोर्ड नसेल तर तो पाट बदलायचाच. बदलताना प्लायवर आयएस ७१० या भारतीय मानकाचा शिक्का बघून मरीन प्लाय घ्या, सिंकच्या खणात दुसरं काही टिकलेलं मी पाहिलं नाही. आयएस ३०३ चं प्लाय वरच्या कोरड्या खणांना ठीक आहे.

या कामाला कुणी पैसे द्यायला उत्सुक नसतं, कारण दिसत काहीच नाही. पण आवाज कमी होण्यात निम्मा वाटा याचाच असतो. स्क्रू घट्ट आणि दार सरळ झालं की डॅम्पर न लावताही धाडचं थड होतं.

आता मुख्य निर्णय. तुमच्यापुढे वाटा तीन: जुन्या बिजागरीवर बसणारा क्लिपचा डॅम्पर, खणात बसवायचा सुटा डॅम्पर, किंवा बिजागरीच बदलून आत डॅम्पर असलेली घेणं.

क्लिपचा डॅम्पर सगळ्यात सुबक. जुन्या बिजागरीच्या आर्मवर किंवा कपावर (दारात रुतलेला गोल भाग) तो टक करून बसतो, भोक नाही, स्क्रू नाही. पण तो त्याच कंपनीच्या, ठरावीक मालिकेच्या बिजागरीवरच बसतो. तुमच्या आर्मवर कंपनीचं नाव कोरलेलं आहे का बघा. असेल तर त्या कंपनीच्या विक्रेत्याला आर्मचा आणि कपाचा स्पष्ट फोटो दाखवा. नाव नसेल तर ही वाट सोडून द्या, जुळवत बसण्यात वेळ जातो. आणि बिजागरी दीड तप जुनी असेल तर नव्या क्लिपच्या मागे स्प्रिंग जुनीच राहते, हे लक्षात ठेवा.

सुटा डॅम्पर दोन प्रकारे बसतो. एकात पाटाच्या कडेत १० मि.मी. चं साधारण ५० मि.मी. खोल भोक पाडून नळी आत सरकवायची, म्हणजे फक्त टोक दिसतं. १८ मि.मी. च्या पाटात दोन्ही बाजूंना जेमतेम चार-चार मि.मी. उरतात. चांगल्या प्लायमध्ये, बिट अगदी सरळ धरता येत असेल तर ठीक. पार्टिकल बोर्डात मी हे करत नाही. कड फुटते, आणि फुटली नाही तरी पाणी प्यायला एक नवीन तोंड तयार होतं. दुसऱ्या प्रकारात डॅम्पर एका प्लॅस्टिकच्या घरात असतो आणि ते घर पाटाच्या आतून दोन स्क्रूंनी बसतं. जुन्या किचनला हाच घ्या, आणि टेपवाला नाही, स्क्रूवाला. तुमच्या दहा डॅम्परांच्या बुडाला बारीक भोकं असतील तर तेच स्क्रू लावून वापरता येतील.

माझं मत विचाराल तर तुमच्या किचनला तिसरी वाट धरा, पण चौदाच्या चौदा दारांना नाही. कागद घ्या आणि दिवसातून कोणतं दार किती वेळा उघडतं ते लिहा. चहा-साखर, मसाले, रोजची ताटं-वाट्या, सिंकखालचा कचऱ्याचा डबा. बहुतेक घरांत ही यादी पाच-सहा दारांवर संपते, आणि आईंची झोप मोडणारी दारं तीच असतात. या दारांच्या बिजागऱ्या बदला. मधूनमधून उघडणाऱ्या दारांची स्प्रिंग चांगली असेल तर त्यांना स्क्रूचे सुटे डॅम्पर. गणपतीला आणि दिवाळीला मोठी पातेली काढण्यापुरती उघडणारी वरची दारं जशी आहेत तशी राहू द्या. त्यांच्या कोपऱ्यांना सिलिकॉनचे पारदर्शक ठिपके चिकटवा, तेवढं पुरे.

बिजागरी बदलायची तर जुनी एक काढून खिशात घालूनच दुकानात जा. नागदेवी स्ट्रीटला जा किंवा तुमच्या पार्ल्यातल्या प्लाय-सनमायकाच्या दुकानात, नुसतं ‘ऑटो हिंज द्या’ म्हटलं तर दुकानदार समोरची देईल. चार गोष्टी जुळल्या पाहिजेत.

पहिली क्रँक, म्हणजे आर्मचा बाक. दार पाटाची पूर्ण जाडी झाकत असेल तर आर्म जवळजवळ सरळ, झिरो क्रँक. मधल्या एकाच पाटावर दोन दारं येत असतील तर अर्धा बाक, आठ क्रँक. दार चौकटीच्या आत बसत असेल तर मोठा बाक, सोळा क्रँक. एकाच किचनमध्ये तिन्ही सापडू शकतात, म्हणून दोन दारं बघून चौदांची ऑर्डर देऊ नका.

दुसरी गोष्ट कपाचं भोक. ते जवळजवळ नेहमी ३५ मि.मी. व्यासाचं असतं, तरी पट्टी लावून खात्री करा.

तिसरी गोष्ट कपाच्या दोन्ही बाजूंच्या स्क्रूंमधलं अंतर, आणि लोक फसतात ते इथे. हेटिकचं अंतर ५२ मि.मी. , ब्लूमचं ४५, आणि इतर बऱ्याच कंपन्यांचं ४८. जुनी ४८ ची काढून नवी ५२ ची लावली तर नवा स्क्रू जुन्या भोकापासून फक्त दोन मि.मी. वर येतो, आणि घसरून त्याच भोकात जातो. कप तिरका बसतो, दार तिरकं येतं. शक्य असेल तर जुन्या अंतराचीच बिजागरी मिळवा. नाही मिळाली तर जुनी भोकं लाकडी खुंटी आणि फेविकॉलने भरा, सुकू द्या, आणि मग नवीन भोकं पाडा.

चौथी गोष्ट प्लेट. एका कंपनीचा आर्म दुसऱ्या कंपनीच्या प्लेटवर बसेल असं धरून चालू नका. प्लेट बिजागरीबरोबरच घ्या. तिची दोन भोकं बहुतेक ३२ मि.मी. अंतरावर असतात, त्यामुळे खणातली जुनी भोकं बऱ्याचदा कामी येतात. पण प्लेटची उंची वेगळी असली तर दार एक-दोन मि.मी. बाजूला जातं. जुन्या प्लेटचीच उंची मागा.

काढताना खालची बिजागरी आधी सोडा, वरची शेवटी, आणि दार कुणाला तरी धरायला सांगा. ४५० बाय ६०० मि.मी. चं साधं दार तीन-साडेतीन किलो भरतं. एका बिजागरीवर लोंबकळलं तर उरलेले स्क्रू बोर्डासकट उपटून येतात. दार टेबलावर सतरंजी घालून ठेवा. ३५ चं भोक आधीच आहे, त्यामुळे कप नुसता बसतो का बघा. क्वचित डॅम्परवाल्या बिजागरीचा कप जुन्यापेक्षा थोडा खोल असतो. तेव्हा भोक वाढवायला लागतं, आणि तिथे फार जपा. १६ मि.मी. च्या दारात कपासाठी १२ मि.मी. गेले की चारच उरतात, आणि कटरच्या मधलं टोक त्याहून पुढे असतं. माझ्या सुरुवातीच्या काळात परळच्या एका घरी मी असंच टोक सनमायकाच्या बाहेर काढलं होतं. दार नवीन करून दिलं. तेव्हापासून कटरवर मापाची खूण केल्याशिवाय मशिन चालू करत नाही.

दार परत चढवलं की जुळणी. आर्मवरचा पुढचा स्क्रू दार डावी-उजवीकडे नेतो, मागचा दार पाटाच्या जवळ-लांब करतो, आणि प्लेटवरून वर-खाली होतं. दोन दारांमध्ये एक सूत, म्हणजे तीन मि.मी. फट ठेवा. सागाची जुनी दारं असतील तर किंचित जास्त, जुलैत लाकूड फुगतं. मागच्या स्क्रूने वरची आणि खालची खोली सारखी करा. कागदाची चाचणी पुन्हा घ्या. डॅम्पर नीट चालतो की नाही हे इथे ठरतं, कारण दार पाटात रुतत असेल तर शेवटचे दोन मि.मी. ते रबरासारखं मागे येतं.

दोन बिजागऱ्यांच्या छोट्या, हलक्या दाराला दोन्ही डॅम्परवाल्या लावल्या तर दार फारच रेंगाळतं, कधी अडकतंही. काही बिजागऱ्यांना डॅम्पर बंद करायची छोटी कळ असते, एकीची बंद करा. कळ नसेल तर एक डॅम्परवाली आणि एक त्याच कंपनीची साधी, अशी जोडी घ्या. साधारण नऊशे मि.मी. पर्यंतच्या उंचीला दोन बिजागऱ्या पुरतात. त्यापुढे तीन, आणि तेव्हा दोन डॅम्पर हवेत.

सुटा डॅम्पर बसवायचा तर आधी जागा स्वच्छ. साबणाच्या पाण्याने पुसा, वाळू द्या, मग कापडावर स्पिरिट घेऊन पुन्हा पुसा. थिनर वापरू नका, कडेची पट्टी सुटते. वरच्या खणांत डॅम्पर छताच्या पाटाला आतून, बिजागरीकडून चार इंचांवर लावा. ओट्याखालच्या खणांना वर पाट नसतो, थेट कडप्पा किंवा ग्रॅनाइट असतो, तिथे तळाच्या पाटावर लावा. तळाला लावला तर भांडी सरकवताना धक्का लागणार नाही अशी जागा बघा. डॅम्परचं घर पाटाच्या कडेपासून केसभर आतच राहिलं पाहिजे. ते बाहेर आलं तर दार दांडीवर न थांबता प्लॅस्टिकवर आपटेल. मागे-पुढे करायचा स्क्रू असेल तर तो आधी पूर्ण आत घ्या, आणि दार हवं तसं येईपर्यंत अर्ध्या-अर्ध्या फेऱ्यांनी बाहेर काढा. १८ मि.मी. च्या पाटाला १३ मि.मी. पेक्षा लांब स्क्रू नको, पलीकडे टोक निघतं. दाराला चुंबकाचा कॅच असेल तर तो काढा. शेवटच्या क्षणी चुंबक दार खेचतो आणि टक असा आवाज येतोच, डॅम्पर तो थांबवू शकत नाही.

विलेपार्ल्याच्या किचनला पुढचं लागू नाही, पण गिरगाव, लालबाग, दादरच्या जुन्या घरांतून हेच विचारतात, म्हणून लिहितो. कडप्प्याच्या उभ्या फळ्या, पुढे लाकडी किंवा ॲल्युमिनियमची चौकट, आणि साध्या बिजागरीवर सागाची पाटी. या बिजागरीला स्प्रिंगच नाही. तिथे डॅम्पर लावला तर दार कायम उघडंच राहणार. ऑटो हिंज लावायची तर प्लेटला चौकटीमागे दोन-अडीच इंच सपाट लाकूड लागतं आणि दार निदान १६ मि.मी. जाड हवं. चौकट इंचभराची आणि मागे लगेच दगड असेल तर चौकटीला आतून लाकडाचा गुटका स्क्रूने जोडून त्यावर प्लेट घेता येते. कडप्प्याला डॅम्पर चिकटवू नका, आणि दगडाला भोक पाडायचा मोह तर मुळीच नको, जुना कडप्पा कडेला पटकन तडकतो. दार पातळ असेल किंवा गुटक्याला जागा नसेल तर सिलिकॉनचे ठिपके लावून थांबा.

काचेची ॲल्युमिनियम फ्रेमची दारं, कोपऱ्यातलं घडीचं दार, वर उघडणारं गॅस-शॉकचं दार, या तिघांना हे काहीच लागू नाही. त्यांची बिजागरी आणि शॉक वेगळे, मापं वेगळी. आणि सिलिंडरच्या खणाचं दार शांत करताना त्याची जाळी बंद करू नका. फटी बुजवायच्या नादात लोक तीही बुजवतात. गॅस गळला तर तो खाली साठतो, त्याला बाहेर जायची वाट हवीच.

बसवून झाल्यावर डॅम्परला तेल घालू नका, स्प्रे मारू नका. आतलं तेल सीलबंद आहे. बाहेरून मारलेल्या तेलावर फोडणीचा थर बसतो आणि दांडी चिकट होते. महिन्याकाठी कोरड्या फडक्याने दांडी आणि कप पुसा. शेगडीच्या वरच्या खणांचे थोडे जास्त वेळा. सिंकखाली नवीन बिजागरी घेताना स्टेनलेस स्टीलची, ३०४ ची घ्या. निकेलचा मुलामा खाऱ्या हवेत तिथे सगळ्यात आधी जातो.

तुमची इमारत पुनर्विकासाला जाणार असेल तर बिजागऱ्यांवर खर्च करायला कचरू नका. खोके तिथेच राहतील, पण बिजागऱ्या, प्लेट आणि डॅम्पर स्क्रू काढून नव्या घरी नेता येतात. फक्त क्रँकप्रमाणे वेगवेगळ्या पिशव्यांत भरा आणि पिशवीवर लिहून ठेवा.

पाच-सहा दारांच्या बिजागऱ्या आणि चार दारांचे सुटे डॅम्पर, भोकं जुळली तर चांगल्या मिस्त्रीचं एका दिवसाचं काम आहे. डॉवेल सुकायला रात्र लागते, म्हणून सिंककडची दारं आदल्या संध्याकाळी उघडून ठेवायला सांगा. ड्रिल थोडंच चालतं, तरी ते आईंच्या झोपेची वेळ टाळून आणि सोसायटीने ठरवलेल्या वेळेत करा. टिकलेल्या चार डॅम्परांपैकी दार उघडं ठेवणारे दोन आजच काढून टाका. नुसते ओढू नका, सनमायका सोलून निघेल. हेअर ड्रायरची गरम हवा मिनिटभर द्या, मग टेपमधून शिवणाचा जाड दोरा करवतीसारखा ओढा, सुटून येतील.